१९७१च्या टीमच्या खऱ्या सह्या शोधताना

बाबांच्या पंचाहत्तरीला १९७१च्या भारतीय संघाच्या सह्या द्यायच्या, असं मी आणि बहिणीनं ठरवलं. बाबांचा त्या टीमवर फार जीव. २४ ऑगस्ट १९७१ला, ऐन गणेश चतुर्थीच्या दिवशी, कर्णधार वाडेकरांच्या संघानं लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडला हरवलं, तेव्हा बाबा गिरगावात रेडिओला चिकटून होते. चंद्रशेखरनं ३८ धावांत घेतलेल्या ६ विकेट आणि १०१वर गारद झालेला इंग्लंडचा डाव त्यांना आजही तोंडपाठ आहे. अशा माणसाच्या हातात खोटी सही देणं मला जमलं नसतं. म्हणून खरेदीच्या आधी हा धंदा समजून घ्यायचा, असं ठरवलं.

पहिल्यांदा किमतींचं गणित कळेना. खेळाडू जितका मोठा तितकी सही महाग, असं कुणालाही वाटेल, पण तसं नसतं. ऑस्ट्रेलियाचे महान फलंदाज ब्रॅडमन २००१मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी गेले. अॅडलेडच्या घरी येणाऱ्या पत्रांच्या ढिगाला ते वर्षानुवर्षं स्वतः उत्तरं देत, सह्या करून परत पाठवत. त्यामुळे त्यांच्या नावाच्या मानानं त्यांची सही बाजारात बरीच सापडते. उलट त्यांच्याच पिढीतला, ऑस्ट्रेलियाचाच फलंदाज आर्ची जॅक्सन १९३३मध्ये २३व्या वर्षी वारला, त्याची सही मिळणं दुरापास्त. म्हणजे किंमत ठरते ती किती सह्या शिल्लक आहेत आणि किती लोकांना हव्या आहेत यावर. आणखी एक गोष्ट. सहीवर ‘अमक्याला शुभेच्छांसह’ असं नाव घालून लिहिलेलं असेल, तर संग्राहक कमी पैसे देतात. मला मात्र अशीच सही जास्त विश्वासाची वाटते.

मग एका विक्रेत्याकडून बॅट दाखवायला आली. ‘१९७१चा वेस्ट इंडिज दौरा जिंकून परतताना संपूर्ण टीमनं सही केलेली’ असं सांगितलं, सोबत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र. मागणी १ लाख ८० हजारांची. मी फोटो मागवले आणि एकेक नाव वाचत गेलो. फारुख इंजिनियर. सलीम दुराणी. चंद्रशेखर. तिथेच थांबलो.

इंजिनियर त्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर नव्हताच, यष्टिरक्षण कृष्णमूर्तीनं केलं. चंद्रशेखरही तिथे नव्हता, त्याला उन्हाळ्यात इंग्लंडला नेलं. आणि वेस्ट इंडिजमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सोबर्स आणि लॉइडला बाद करणारा दुराणी इंग्लंड दौऱ्यावरच्या आपल्या संघात नव्हता. तिघांच्या सह्या पुढे कधीतरी एखाद्या समारंभात एका बॅटवर येऊ शकतात, हे मान्य. पण मग दौऱ्यावरून परतताना टीमनं सही केली, ही गोष्ट उभीच राहत नाही. विचारलं, तर उत्तर आलं, ‘साहेब, सर्टिफिकेट आहे ना!’ बाहेरून तपासणी करून घेतो, फी मी भरतो, म्हटल्यावर फोन उचलणं बंद झालं.

हे प्रमाणपत्राचं प्रकरण नीट वाचून काढलं. अमेरिकेत १९९०च्या दशकात एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम चालवली. शिकागोपासून सॅन दिएगोपर्यंत खोट्या सह्यांच्या टोळ्या पकडल्या. सह्या खोट्या, त्यांची प्रमाणपत्रंही खोटी. त्या मालात मदर तेरेसांची ‘सही’ असलेले बेसबॉलसुद्धा होते. सॅन दिएगोच्या टोनी ग्विन या बेसबॉलपटूला आपल्याच नावाच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या होत्या. पुढे तिथल्या बेसबॉल लीगनं २००१पासून वेगळी पद्धत आणली. खेळाडू सही करत असताना साक्षीदार समोर उभा असतो आणि वस्तूवर लगेच क्रमांकाचा होलोग्राम चिकटवला जातो. हा मार्ग मला सर्वांत खात्रीचा वाटतो. पीएसए, जेएसए, बेकेट या तिथल्या तपासणी कंपन्या जुन्या सह्या बघून मत देतात, सही कोणाची त्याप्रमाणे फी बदलते. पण ते मतच असतं, सही होताना त्यांच्यापैकी कोणी पाहिलेलं नसतं. विक्रेते खेळाडू सही करत असल्याचा फोटोही लावतात. त्या फोटोत तुमचीच वस्तू आहे का, हे बघायला विसरू नका.

त्यानंतर मी भिंग घेऊन बसायला शिकलो. छापील सहीत बारीक ठिपके दिसतात, आणि छोट्या शोभेच्या बॅटींवर छापील सह्या सर्रास असतात. खऱ्या सहीत वेग दिसतो. सुरुवात आणि शेवट निमुळता, वळणावर दाब कमी-जास्त, कधी शाई तुटलेली. नक्कल करणारा हळू चालतो, म्हणून त्याची रेघ सगळीकडे एकसारखी जाड असते आणि मध्येच थबकलेली दिसते. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्यावर तंतोतंत जुळल्या, तर ते यंत्राचं किंवा छापाचं काम. माणूस तशी सही दोनदा करूच शकत नाही. सह्या वर्षांगणिक बदलतात, म्हणून आजच्या सहीशी ताडून चालत नाही. त्या काळातल्या सामन्यांच्या स्मरणिकांत छापलेल्या सह्या मला नमुना म्हणून फार उपयोगी पडल्या.

शेवटी सह्या मिळाल्या त्या मुंबईच्या ऑफिस क्रिकेटमुळे. आजच्या मुलांना हे सांगायला हवं. त्या काळात वाडेकर स्टेट बँकेत नोकरीला होते, गावसकर निर्लॉनमध्ये, सोलकर मफतलालमध्ये. ऑफिसांच्या संघांची टाइम्स शील्ड आणि पावसाळ्यात होणारी कांगा लीग यांचे सामने बघायला तिकीट लागत नसे, खेळाडू मैदानाच्या कडेला सहज भेटत. बाबांच्या एका मित्रानं डोंबिवलीच्या एका काकांचं नाव सांगितलं. ते बँकेतून निवृत्त झालेले आणि त्यांच्याकडे तेव्हाची सह्यांची वही होती. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मंकड. प्रत्येक पानाखाली काकांच्या अक्षरात तारीख आणि मैदानाचं नाव. वेगवेगळी पेनं, वेगवेगळ्या शाया. एका पानावर पावसाचे डाग, कांगा लीगचं पान होतं ते! वाडेकर, सरदेसाई, सोलकर, मंकड, चौघंही आता नाहीत. त्यांच्या सह्या नव्यानं होणार नाहीत, हे काकांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी वहीचे २२ हजार सांगितले, मी घासाघीस केली नाही.

‘काका, एक विनंती आहे,’ मी म्हटलं, ‘कोणती सही कुठे, कशी घेतली, ते तुमच्या हातानं लिहून द्याल का?’ त्यांनी दोन दिवस मागितले आणि फुलस्केपची चार पानं भरून दिली. तारखा आम्ही जुन्या वर्तमानपत्रांतल्या सामन्यांशी ताडल्या, जुळल्या. ती चार पानं आता वहीसोबत ठेवली आहेत. वही उन्हापासून लांब, कपाटात, पानांच्या मधे आम्लविरहित कागद घालून. फ्रेम करून भिंतीवर लावायची हौस होती, पण उजेडानं शाई उडते, म्हणून तो विचार सोडला.

बाबांनी वही उघडली आणि आधी काकांची चार पानंच वाचून काढली, मग सह्या. आता त्यांना चंद्रशेखरची सही हवी आहे. गेल्या महिन्यात एकानं ओव्हलच्या संघाचं म्हणून एक पान पाठवलं होतं, अकरा सह्या, सगळ्या एकाच पेनानं, एकाच तिरकेपणात. परत पाठवलं. शोध चालू आहे.