तीन नंबर मेला, तोही फक्त टोलनाक्यावर

आमची मारुती 800 आहे 1997 ची, कार्बोरेटरवाली (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा जुना भाग), बाबांनी घेतलेली. आरटीओत तीनदा रिन्यूअल करून झालंय आणि दर वेळी घरात "विकून टाक की आता" हा विषय निघतो आणि दर वेळी चहा संपला की विषयही संपतो. तर यंदा मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येत होतो. खंबाटकी घाट गाडी मस्त चढली, काही कुरकुर नाही, आणि पुढे आणेवाडी टोलला लायनीत उभा राहिलो तर अशी थरथरायला लागली की आतल्या आरशात मागची गाडी पांढरी आहे एवढंच कळत होतं, नंबर काही वाचता येईना. ॲक्सिलरेटरवर जरा पाय ठेवला की शांत, पाय काढला की परत थडथड.

आता ही तीन सिलिंडरची गाडी आहे. 796 सीसी, क्रँक दर 240 अंश फिरला की एका सिलिंडरात फायर, क्रम 1-3-2. चार सिलिंडरवाल्यात एक रुसला तर बाकीचे तिघं कसंबसं ओढून नेतात, इथे एक गेला म्हणजे तिसरा हिस्सा इंजिनच गेलं, त्यामुळे थरथर दाराच्या काचेपर्यंत पोचते.

ज्याला सांगितलं त्याने एकच कारण दिलं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल. मेव्हणा, शेजारी, पंपावरचा पोरगा, सगळे. तसं त्यात तथ्य नाही असं नाही, इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मिश्रण थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि जुन्या रबरी पायपांना ते सोसत नाही हेही खरंय. पण मग घाटात गाडी का नाही मिसिंग मारली? पेट्रोल तर तेच होतं ना. हा प्रश्न मला तेव्हाच पडायला पाहिजे होता, नाही पडला.

मी काय केलं, तर खर्च. एका गॅरेजवाल्याने ऐकलं आणि लगेच म्हणाला कार्बोरेटर चोकप झालाय, उघडून साफ केला, मिक्श्चर स्क्रू (स्लोवर पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) फिरवला, काही फरक नाही. मग प्लग तिन्ही नवे. मग प्लगच्या वायरी. मग डिस्ट्रीब्युटरची, म्हणजे तिन्ही प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाची, कॅप आणि रोटर. रात्री लाइट बंद करून बॉनेट उघडून बघितलं, वायरींवरून कुठे निळी ठिणगी उडतीये का म्हणून, कारण वायर लीक असेल तर अंधारात दिसते, आणि आमच्या इथे रात्री बॉनेटमध्ये डोकं घालून उभं राहिलं की चार माणसं जमतातच, ती जमली. ठिणगी काही दिसली नाही. तोपर्यंत 3,800 रुपये गेले होते.

मग इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून बघितली, चालत्या सिलिंडरची काढली की इंजिन बसतं, मेलेल्याची काढली तर फरक पडत नाही. (रबरी मुठीच्या पकडीने काढा हो, मी पहिल्यांदा नुसत्या हाताने धरली आणि खांद्यापर्यंत झटका बसला.) एक नंबरची काढली, इंजिन बसायला लागलं. दोनची काढली, तसंच. तीनची काढली, काहीच नाही, जसं होतं तसंच थडथडतंय. म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर मेलेला. इथे मी जरा हुशारी केली, एक आणि तीनचे प्लग आपसात बदलले, मग वायरी बदलल्या, पण मेलेला तीन नंबरच. म्हणजे प्लग ठीक, वायर ठीक. हे फुकटात होतं आणि नवे प्लग आणायच्या आधी करायचं होतं, असो.

गॅरेजवाल्याला हे सांगितलं तर म्हणाला मग कॉम्प्रेशन गेलं, म्हणजे सिलिंडर दाब धरत नाही, इंजिन काम काढावं लागेल, पंचवीस हजार धरून चला. त्यात पीयूसी संपत आली होती ती करायला गेलो तर फेल. पावती खिशात घातली आणि तोंड पाडून घरी आलो.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत, बाबांच्या ओळखीचे, आता गॅरेज मुलगा बघतो आणि ते बाहेर खुर्ची टाकून बसतात. त्यांना म्हटलं, "अण्णा, एकदा बघा की." त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही, विचारलं, "पीयूसी केली न्हवं? पावती काढ बघू."

पावतीवर होतं सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 0.4 टक्के, आमच्या वयाच्या गाडीला लिमिट 3. आणि हायड्रोकार्बन (एचसी, म्हणजे न जळलेलं पेट्रोल) 2,140 पीपीएम, लिमिट 1,500. मला वाटलं होतं फेल म्हणजे गाडी धूर सोडतीये, पेट्रोल जास्त पितीये. अण्णा म्हणाले, "अरे जास्त पेट्रोल जात असतं तर सीओ वर गेला असता. सीओ खाली आणि एचसी वर, म्हंजे पेट्रोल कमीच जातंय आणि तेबी न जळता बाहेर पडतंय. हिला हवा कुठनं मिळतीय ती बघ."

मग त्यांनी मला मी केलेलीच टेस्ट परत करायला लावली, पण या वेळी ॲक्सिलरेटरची केबल मुलाला ओढून धरायला सांगून, इंजिन जरा चढवून. तीनची वायर काढली आणि इंजिन खाडकन बसलं. म्हणजे तीन नंबर जिवंत आहे, फक्त स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू असताना, मरतो. कॉम्प्रेशन गेलं असतं तर वरच्या आरपीएमला असा साफ बरा झाला नसता. तरी त्यांनी माझ्या समाधानासाठी कॉम्प्रेशनचा गेज लावला, तिन्हीत फारतर पाच पीएसआयचा फरक. पंचवीस हजार वाचले तिथल्या तिथे.

तीनचा प्लग काढून हातावर ठेवला माझ्या. एक आणि दोनचं टोक बिस्किटाच्या रंगाचं, तीनचं पांढरट, खडूसारखं. लीन. आणि एकटाच लीन, म्हणजे कार्बोरेटरचा दोष नाही, कारण कार्बोरेटर तिघांना एकच आहे, बिघडला असता तर तिन्ही पांढरे झाले असते.

मग आतून इस्त्रीचा पाण्याचा स्प्रे मागवला. कपड्यांवर मारतो तोच, गुलाबी. मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटरमधून सिलिंडरांकडे मिश्रण नेणारी नळी, जिथे इंजिनच्या हेडला बसतं त्या जोडावर, तीन नंबरच्या बाजूला, पाणी मारलं आणि खरं सांगतो, इंजिन दोन सेकंद एकदम गप्प झालं. आरसा स्थिर. मग पाणी आत ओढलं गेलं आणि परत थडथड. परत मारलं, परत गप्प. (लोक यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात, गरम इंजिनवर ते करू नका, पाण्याने भागतं.)

हात घालून चाचपलं तर कडेच्या स्टडवर नटच नव्हता. गॅस्केट, म्हणजे जोडातली हवाबंद पट्टी, तिथे वाळून सुटलं होतं. स्लोवर थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जोरात, आणि मुळात आत जाणारी हवा थोडी, त्यात ही चोरटी हवा म्हणजे शेजारच्या सिलिंडरचा सगळा हिशोब बिघडला. थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम पडतो, खरी हवा भरपूर येते आणि चोरटीची काही किंमत राहत नाही. म्हणून घाटात मस्त आणि टोलला आजारी.

नट कुणी सोडला? तर मी. मागच्या दिवाळीत युट्यूब बघून मॅनिफोल्ड घासून चकचकीत करायचं खूळ घेतलं होतं, तेव्हा तो कोपऱ्यातला एक, जिथे बारा नंबरचा पाना नीट फिरत नाही, तो नुसता हाताने बसवला होता, नंतर कसतो म्हणून. अण्णांना हे सांगितलं नाही. त्यांना बहुतेक कळलं असावं, कारण नवा नट देताना "हा घट्ट बसव हां" असं दोनदा म्हणाले.

गॅस्केट 180 रुपये, मजुरी त्यांनी घेतली नाही, मिक्श्चर स्क्रू परत जागेवर आणून दिला. नव्या पावतीवर एचसी 390. आणि आता गाडी शांत झाल्यावर टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) टकटक स्पष्ट ऐकू येतीये, ती आधी त्या थडथडीत दबली होती, म्हणजे रविवारी थंड इंजिनवर त्यांची फट मोजायला फीलर गेज घेऊन बसायचंय, अण्णा खुर्चीवर असतील तर.