देगलूरच्या ग्रॅनाइटची तिसरी स्लाइड, एकदाची जमली

तर मंडळी, स्लाइड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला उजेड आरपार जाईल इतका पातळ घासलेला दगडाचा काप. पहिल्या दोन वाया गेल्या होत्या, तिसरी जमली. म्हणजे एक कोपरा सोडून.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, मराठवाडा म्हटलं की सगळ्यांना काळा दगडच आठवतो, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, पण नांदेडहून देगलूर-बिलोलीकडं निघालं की तो हळूहळू संपतो अन् खालचा जुना ग्रॅनाइट वर येतो, शेतात गोल गोल धोंडे एकावर एक दिसायला लागले की समजायचं आलो.

ह्या वेळचा तुकडा खदानीच्या भंगारातला. तिथं हिऱ्याचे मणी ओवलेल्या तारेनं मोठा ब्लॉक सोडवतात, मग एका रेषेत भोकं पाडून पाचरी ठोकत ठोकत तो फोडतात. मी गेलो तेव्हा नुकताच एक ब्लॉक बाजूला सारला होता, कारण काय तर मधून बोटभर हिरवी पट्टी. सुपरवायझर काका वैतागलेले, "ह्या एका रेघेनं अख्खा माल गेला बगा, पॉलिशवाला हात लावत नाही." मला तर तीच पाहिजे होती! एपिडोट नावाचं खनिज, भेगेतून गरम पाणी फिरून तयार झालेलं, पिस्त्याच्या रंगाचं. काका म्हणे न्या की मग, काहून विचारताव.

आता स्लाइड. टाइल कटरनं पातळ काप काढला, काचेवर पाणी आणि कार्बोरंडम (घासायची कडक पावडर) घेऊन २२०, ४००, ६००, १००० नंबरनं (नंबर मोठा तशी पावडर बारीक) घासलं, काचपट्टीला इपॉक्सीनं चिकटवला आणि मग दुसरी बाजू घासत बसलो (ओलंच घासा रे, कोरडी धूळ फुफ्फुसाची वाट लावते). पहिली स्लाइड सुटली कारण दगड नीट वाळवला नव्हता, दुसरी मी घाईत ४०० वरच शेवटपर्यंत रेटली आणि अभ्रकाचे पापुद्रेच उपटून आले. जायचंय ०.०३ मिलिमीटरपर्यंत, तेवढं मोजायचं कशानं? तर दगडातला क्वार्ट्झच (गारगोटीचं खनिज) सांगतो, दोन पोलरॉइडच्या (एकाच दिशेत कंपणारा उजेड सोडणाऱ्या फिल्म) मधे पिवळा दिसला की जाड आहे, राखाडी-पांढरा झाला की थांबायचं. मी पिवळ्यापासून राखाडीपर्यंत तीन संध्याकाळी घालवल्या आणि शेवटच्या दहा मिनिटांत कोपरा गायब.

पण दिसलं काय ते ऐका. गुलाबी फेल्डस्पारमधे (ग्रॅनाइटमधलं एक मुख्य खनिज) मायक्रोक्लीनच्या (त्याचाच एक प्रकार) चौकड्या, अगदी आजोबांच्या लुंगीसारख्या, स्टेज (स्लाइड ठेवायची चकती) फिरवलं की काळ्या-पांढऱ्या चौकटी जागा बदलतात. एपिडोट तर जत्रेतल्या बांगड्यांसारखं, पिवळं निळं गुलाबी सगळं एकदम, बायको पण दोनदा येऊन बघून गेली. आणि एका बायोटाइटमधे (काळं अभ्रक) एक बारीकसा दाणा, त्याच्याभोवती काळपट वलय. झिरकॉन नावाचं खनिजच असणार, त्यातल्या युरेनियमच्या किरणांनी भोवतीचं अभ्रक कोट्यवधी वर्षं भाजत आणलंय. फोटो मोबाइल आयपीसला (सूक्ष्मदर्शकाची डोळा लावायची बाजू) टेकवून काढलाय, हलला, पण वलय कळतंय.

काल काकांचा फोन आला, हाताएवढ्या गुलाबी स्फटिकांचा एक धोंडा निघालाय, तोही रिजेक्ट, ठेवलाय म्हणे तुमच्यासाठी. फक्त मोटारसायकल आणू नका म्हणाले.