वन्सं, मी आणि रशियातली सात शहरं

रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात काळ्या दगडाचा उंच स्तंभ आहे. त्वेर नावाच्या रशियन शहरातला अफनासी निकितिन हा व्यापारी १५व्या शतकात एक घोडा घेऊन चौलला उतरला, त्याचं ते स्मारक, २००२ साली उभारलेलं. आमचं घर तिथून सायकलच्या अंतरावर. त्यामुळे निकितिन हा आम्हाला लांबच्या नात्यातला कुणी असावा तसा. मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा माझी थोरली नणंद म्हणाली, "तो येऊन गेला ना आपल्याकडे? मग आपणही जाऊन येऊ. परतभेट."

वन्संचं वय तेव्हा ६८. गुडघे कुरकुरणारे, आहार शाकाहारी, वेष साडी. मी नको म्हणण्याची तीन कारणं शोधली आणि तिन्ही त्यांनी एका चहात संपवली.

टूर कंपनीच्या माहितीपत्रकावर 'सोनेरी वलय, सात ऐतिहासिक शहरं, रोज भारतीय शाकाहारी जेवण' असं होतं. सोनेरी वलय म्हणजे मॉस्कोच्या ईशान्येला असलेल्या जुन्या शहरांची माळ. नाव मात्र जुनं नाही. युरी बिच्कोव्ह या पत्रकाराने १९६७ साली या शहरांवर लेखमाला लिहिली, तेव्हा त्याने ते दिलं. नकाशात बोट फिरवून वन्संनी पहिला प्रश्न विचारला, "यात त्वेर कुठंय?" त्वेर नव्हतंच. ते मॉस्कोच्या दुसऱ्या बाजूला. परतभेटीचा यजमानच यादीत नाही म्हटल्यावर त्या जरा हिरमुसल्या, पण तोवर पैसे भरून झाले होते.

ई-व्हिसा हा सगळ्यात सोपा भाग. घरी बसून फॉर्म भरला, फोटो आणि पासपोर्टचं पान चढवलं, चार दिवसांत कागद ईमेलवर. आम्ही सप्टेंबर २०२४ मध्ये गेलो तेव्हा त्यावर १६ दिवस राहता येत असे (२०२५मध्ये ते ३० झाले). फक्त दिवस मोजताना पोचण्याचा दिवसही धरतात, ते विसरू नका.

पैशांचं मात्र नीट ऐका. मार्च २०२२ पासून आपल्या बँकांची व्हिसा-मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत. दुकानात नाही, एटीएममध्ये नाही. म्हणजे सगळा खर्च रोखीत न्यायचा. आयुष्यभर बँकेत नोटा मोजलेल्या बाईला हे अवघड जाऊ नये, पण डॉलरची नोट जराशी दुमडलेली, शाईचा ठिपका असलेली निघाली की तिकडचा कॅशियर ती परत सरकवतो, हे मला काउंटरच्या चुकीच्या बाजूला उभं राहून कळलं. वन्संच्या कमरेला त्यांनी स्वतः शिवलेली कापडी पिशवी होती. विमानतळावर तपासणीला ती दोनदा उघडावी लागली.

मॉस्कोच्या पासपोर्ट खिडकीवर एक छोटा कागद मिळतो, मायग्रेशन कार्ड. त्यावर सही करायची आणि देश सोडेपर्यंत जपायचा. प्रत्येक हॉटेल तो मागतं. पहिल्या हॉटेलात मी माझा दिला, वन्संचा सापडेना. पर्स, पिशवी, स्वेटरचे खिसे, सगळं काउंटरवर उलटं केलं. मागे रांग. शेवटी वन्संनी शांतपणे स्तोत्रांचं पुस्तक काढलं. कार्ड मारुतीस्तोत्राच्या पानात होतं. "महत्त्वाचा कागद आणखी कुठे ठेवायचा?" त्यांनी मलाच विचारलं.

आम्ही १४ जण, एक मिनीबस, आणि गाइडबाई. वयाने माझ्याएवढ्या, पूर्वी इतिहास शिकवायच्या, इंग्रजी एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. बसमध्ये यादी वाचताना त्या थांबल्या. तुम्हा दोघींच्या नावात मधेच पुरुषाचं नाव कसं? मी सांगितलं, लग्नाआधी वडिलांचं, नंतर नवऱ्याचं. त्यांच्याकडेही मधलं नाव वडिलांचंच, आणि मोठ्या माणसाला हाक मारायची ती नाव आणि वडिलांचं नाव जोडून. पण लग्नाने ते बदलत नाही. वडील सदाशिव असतील तर मुलगी जन्मभर सदाशिवोव्हना. मी वन्संना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरंय की त्यांचं. नवरा आला-गेला तरी बाप जागेवर."

पहिलं शहर व्लादिमीर. तिथल्या उस्पेन्स्की कॅथेड्रलमध्ये शिरताना दारातल्या टोपलीत रुमाल आणि गुंडाळायचे घागरे ठेवलेले होते. बायकांनी डोकं झाकायचं, पुरुषांनी टोपी काढायची. आमच्या गटातल्या जीन्सवाल्या मुली टोपलीत हात घालून रंग जुळवत बसल्या. वन्संनी पदर डोक्यावर घेतला आणि सरळ आत गेल्या. आत बाकं नसतात, सगळे उभे. हे चर्च १२व्या शतकातलं. १२३८मध्ये मंगोल सरदार बातू खानाच्या फौजा शहरात घुसल्या तेव्हा राजाचं कुटुंब इथेच वर लपलं होतं आणि आगीत संपलं. त्याच भिंतींवर १४०८ साली आंद्रेई रुब्ल्योव्ह आणि दानिईल चोर्नी यांनी 'अंतिम न्याय' रंगवला, म्हणजे जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा निवाडा करतो तो प्रसंग. मी नरकयातना शोधत होते. रुब्ल्योव्हच्या चित्रातली माणसं घाबरलेली दिसतच नाहीत. न्यायाला नव्हे, कुणाकडे तरी बोलावणं आल्यासारखी निघालेली. कानातल्या यंत्रातून गाइडबाईंचा आवाज पुढच्या खांबापाशी गेला तरी मी तिथेच होते.

पुढे हाच त्रास होत राहिला. गटाच्या सहलीत यंत्र कानात असतं आणि गाइड चालत असते. आवाज खरखरायला लागला की समजायचं, आपण मागे पडलो. तिसऱ्या दिवशी घुमटांची सरमिसळ झाली. संध्याकाळी फोटो बघताना कुठलं कुठे ते ओळखेना. मग मी ठरवलं, एका गावात एकच गोष्ट नीट बघायची, बाकीचं ऐकलं तर ऐकलं.

व्लादिमीरजवळच्या बोगोल्युबोवोत नेर्ल नदीकाठी एक लहान पांढरं चर्च आहे. बस तिथवर जात नाही. रेल्वेवरचा पूल चढून उतरायचा आणि मग गवताळ कुरणातून दीडेक किलोमीटर चालायचं. गाइडबाईंनी वन्संना बसमध्ये थांबायचा पर्याय दिला. वन्सं म्हणाल्या, "पायरीला पायरी सांगत जाईन." पुलावर मी त्यांच्यामागे, हात पुढे धरून. कुरणात वारा, पिवळं पडू लागलेलं गवत, आणि लांब एकच घुमट. जवळ जावं तसं ते मोठं होत नाही, हीच त्याची गंमत. वसंतात बर्फ वितळून नद्या फुगल्या की हे कुरण पाण्याखाली जातं आणि चर्च तेवढं वर राहतं, कारण बांधणाऱ्यांनी आधी दगडी पाया उंच घेतला, त्याभोवती मातीची टेकडी रचली आणि मग भिंती उभारल्या. आमच्या वाडीतलं जोतं दर पावसाळ्यात ओलं होतं. त्या टेकडीकडे मी जरा हेव्यानेच पाहिलं.

सुझ्दालला दोन रात्री होत्या. गावात उंच इमारत नाही, ओढ्यासारखी कामेन्का नदी, आणि जिकडे बघावं तिकडे घंटाघर. बाजारात आज्ज्या लोणच्याच्या काकड्या विकत बसल्या होत्या. त्यातल्या एकीने वन्संच्या साडीचा काठ बोटांत धरून बघितला, मग दुसरीला बोलावलं, मग तिसरीला. शाळेच्या सहलीची पोरं मागे मागे. निकितिनने चौलबद्दल लिहिलंय की मी जाईन तिथे लोक मागे येतात, गोऱ्या माणसाचं त्यांना नवल. मी वन्संना ते सांगितलं. त्यांनी आजीकडून दोन काकड्या जास्तीच्या घेतल्या.

काकडीवरून जेवण. 'रोज भारतीय शाकाहारी' म्हणजे मॉस्कोत दोनदा, नंतर उकडलेला बटाटा. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की कोंबडी काढून मासा येई. चौथ्या दिवशी गाइडबाईंनी मंत्र दिला: 'पोस्नये' मागा. म्हणजे उपासाचं. तिथल्या चर्चच्या उपासाला मांस, अंडं, दूध काहीच चालत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तसा पदार्थ मिळतो. काही उपासांना मासा चालतो, म्हणून जोडीला 'बिझ रीबी', मासा नको. तेव्हापासून बकव्हीटची मोकळी खिचडी, मश्रूम, कोबीचं सारण भरलेल्या पाव-कचोऱ्या असं सुरू झालं. वन्सं खूश. "उपासाचं मागितलं की पोटभर मिळतं, आपल्यासारखंच."

कोस्त्रोमा घाईत झालं. इपातियेव्ह मठ, जिथे १६१३ मध्ये १६ वर्षांच्या मिखाईल रोमानोव्हला झार व्हायचं बोलावणं आलं, आणि लिननचं एक दुकान, जिथे आमचा गट मठापेक्षा जास्त वेळ रमला.

यारोस्लाव्हलला माझी एक गोष्ट ठरलेली होती: १००० रूबलची नोट. तिच्या एका बाजूला शहर वसवणारा यारोस्लाव्ह, दुसऱ्या बाजूला १५ घुमटांचं लाल विटांचं चर्च. यारोस्लाव्हच्या पुतळ्याच्या हातात वास्तूची प्रतिकृती आहे, पण गावातले लोक त्याला 'केकवाला काका' म्हणतात. एकदा ऐकल्यावर दुसरं काही दिसत नाही. मी पुतळ्यासमोर नोट धरून फोटो काढला. मग आम्ही व्होल्गाच्या काठावर गेलो. वन्संनी विचारलं, हे पाणी कुठून येतं? गाइडबाई म्हणाल्या, वरून, त्वेरकडून. निकितिन याच नदीने खाली गेला. वन्सं बराच वेळ कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. यंत्र कानातून काढलेलं.

रोस्तोव्हला पाऊस. पेरेस्लाव्हल आम्ही बसच्या काचेतून पाहिलं, कारण लिननच्या दुकानातला वेळ कुठेतरी वसूल व्हायचा होता. सातात ते धरलेलं होतं. मी टूर कंपनीला परत आल्यावर पत्र लिहिलं, उत्तरादाखल पुढच्या सहलीचं माहितीपत्रक आलं.

शेवटचं सर्गियेव्ह पोसाद. निळ्या घुमटांवर सोनेरी चांदण्या, भिंतीआड मोठा मठ, दाराबाहेर मात्र्योश्का बाहुल्यांचे ठेले. आतापर्यंत गाइडबाईंना आमच्या परतभेटीची गोष्ट ठाऊक झाली होती. अंगणात त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि आम्हा दोघींकडे बघून म्हणाल्या, तुमच्या पाहुण्याने लिहिलेली हकिगत लोक विसरले होते. १९व्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार करमझिनला तिची एक हस्तलिखित प्रत सापडली, ती इथल्याच ग्रंथालयात.

वन्संनी पदर सारखा केला. "आणि घोडा? त्याचं काय झालं?"

जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला, धर्म बदल म्हणाला, मग कुणाच्या तरी रदबदलीने परत मिळाला. पुढे बिदरला विकला. इथे आपल्या मुलखासाठी भरपूर माल मिळेल असं सांगणाऱ्यांनी मला फसवलं, असंही निकितिनने लिहून ठेवलंय. घरी तो पोचलाच नाही, वाटेत स्मोलेन्स्कजवळ वारला.

मी हे सगळं मराठीत करून सांगितलं. वन्सं जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यालाही कुणीतरी माहितीपत्रक दाखवलं असणार."