पहिले दोन आठवडे शिकवायचं नाही

ब्रिटनमधल्या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रशिक्षणात मराठी मास्तर अडखळतो तो वेळापत्रकापाशी. सहा आठवड्यांचा कोर्स असेल, तर पहिले दीड-दोन आठवडे विषयाला हात लावायचा नाही. लॉगिन होतंय का, आवाज येतोय का, फोरमवर, म्हणजे लेखी चर्चेच्या पानावर, नोंद टाकता येते का, मग एकमेकांची ओळख. बस्स. ‘अहो, पण पोर्शन कधी पुरा करायचा?’ हा प्रश्न गिळावा लागतो. शिवाय शिकवणाऱ्याला इथे आधी विद्यार्थी व्हावं लागतं. त्याच फोरमवर लिहायचं, त्याच मुदती पाळायच्या, दोन दिवस कुणी उत्तर दिलं नाही की चरफडायचं. मगच पलीकडच्या बाजूला बसायला मिळतं.

यामागे ऑनलाइन शिक्षणाच्या अभ्यासक गिली सॅमन यांनी ओपन युनिव्हर्सिटीतल्या, म्हणजे ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातल्या, कामावरून २००० च्या सुमारास मांडलेल्या पाच पायऱ्या आहेत: आत येणं, ओळखदेख, माहितीची देवाणघेवाण, मिळून विचार करणं, आणि शेवटी आपल्या आपण पुढे जाणं. पहिल्या दोन घाईत उरकल्या की तिसरीवर सन्नाटा पसरतो. अनोळखी लोकांसमोर चुकीचं लिहायला कोण धजेल? मास्तर मात्र म्हणतात, ‘मुलांना रसच नाही.’

ओपन युनिव्हर्सिटी १९६९ ची, पहिली तुकडी १९७१ ची. बीबीसीवरचे तिचे रात्री उशिराचे कार्यक्रम सगळ्यांना आठवतात, पण तिचा खरा कणा म्हणजे असाइनमेंटवर ट्यूटरने लिहिलेल्या टिपा. या टिपा दुसरा अनुभवी ट्यूटर अधूनमधून तपासतो. तपासणाऱ्याचीही तपासणी! नाशिकचं आपलं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालू आहे, त्यामुळे घरबसल्या शिकणं आपल्याला नवं नाही. पण पेपरावर ‘ठीक’ लिहून सही ठोकायची सवय ब्रिटनमध्ये आठवडाभरही टिकत नाही, एवढं मान्य करायला हवं.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट, म्हणजे प्रश्न कसा लिहितात. ‘शहरातील पूर या विषयावर आपले मत मांडा’ असं लिहिलं की पहिले दोघं निबंध टाकतात, तिसरा ‘सहमत’ म्हणतो आणि बाकीचे गायब होतात. चूक प्रश्नात असते. किती लिहायचं, कधीपर्यंत, दुसऱ्याच्या लिहिण्याचं काय करायचं, यातलं काहीच सांगितलेलं नसतं. इथे तोच प्रश्न असा घडवतात. आधी एक ठिणगी: पाण्यात बुडालेल्या चौकाचा फोटो किंवा बातमीतल्या दोन ओळी. मग हेतू, एका वाक्यात. मग काम: ‘तुमच्या घराजवळचा पाणी तुंबणारा एक रस्ता निवडा. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, याची दोन कारणं ८० शब्दांत गुरुवारपर्यंत लिहा.’ त्यानंतरचा भाग आपल्याकडे हमखास गळतो: ‘रविवारपर्यंत दोघांच्या नोंदी वाचा आणि त्यांच्याकडून सुटलेलं एकेक कारण सुचवा.’ खाली एकूण लागणारा वेळ, समजा ४० मिनिटं. सगळं एका स्क्रीनवर मावलं पाहिजे, लिंक दोनपेक्षा जास्त नकोत. एका कामात एकच प्रश्न. तीन विचारले तर सोप्याचंच उत्तर येतं.

काम सुरू झालं की मास्तरांनी गप्प बसायचं. प्रत्येक नोंदीला उत्तर दिलंत, तर प्रत्येक जण तुमच्याशीच बोलू लागतो आणि आपसातली चर्चा मरते. पहिला दिवस थांबा, मग चार-पाच नोंदींमागे एखादं उत्तर द्या, तेही प्रश्नाच्या रूपात. एकाकी पडलेली नोंद दिसली, तर ती दुसऱ्या कुणाच्या मुद्द्याशी जोडून द्या. रविवारी रात्री गोषवारा लिहायचा, २०० शब्दांचा. कोणते मुद्दे जुळले, कुठे फाटे फुटले, कुणाच्याच लक्षात काय आलं नाही, हे नावं घेऊन लिहायचं आणि शेवटी पुढच्या आठवड्याचा प्रश्न सोडायचा. हा गोषवारा म्हणजे खरं शिकवणं. तो सोमवारी दुपारी आला तर वाया जातो, कारण तोवर लोक पुढच्या कामात शिरलेले असतात.

मूडल हे ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक खाचखळगा. तिथल्या प्रश्नोत्तर प्रकारच्या फोरमवर स्वतः लिहिल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसत नाहीत. नक्कल टाळायला हे झकास. पण लिहिल्यावरही ती लगेच उघडत नाहीत. नोंद दुरुस्त करायची मुदत आधी संपावी लागते, आणि ती मुळात ३० मिनिटांची ठेवलेली असते. सूचनेत हे लिहिलं नाही, तर ‘साइट बिघडली’ अशा मेल्सचा पाऊस पडतो.

थेट वर्गाबद्दल थोडक्यात. झूमवर गटागटाने छोट्या खोल्यांत (ब्रेकआउट रूममध्ये) पाठवण्याआधी काम सामायिक डॉक्युमेंटमध्ये लिहून ठेवा, कारण मुख्य खोलीतलं चॅट तिथे दिसत नाही. क्लाउड रेकॉर्डिंग सहसा मुख्य खोलीचंच होतं, तेव्हा प्रत्येक गटाचा लिहिणारा आधीच ठरवा. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. म्यूट काढायलाच तीन-चार सेकंद जातात, आणि आपण दुसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो.

इथलं सगळंच काही सोनं नाही. फोरमवर कुणी धडधडीत चुकीचं लिहिलं तरी ‘छान मुद्दा, मांडल्याबद्दल आभार’! या सौजन्याने जीव जातो. आपले मास्तर सरळ सांगतात, ‘बाळ, हे चूक आहे, पुन्हा वाच.’ त्यात माया असते, वेळही वाचतो. आणि जुगाडात आपला हात कोण धरणार? २०२० मध्ये पुण्यातल्या रसायनशास्त्राच्या एका शिक्षिकेने हँगरला फोन टांगून फळा दाखवला. त्याच वर्षी परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. ब्रिटनमधल्या लोकांना वायफाय, लॅपटॉप, मदतीचा माणूस सगळं आयतं मिळतं. अशा सोयीत पद्धती सुचणं फार अवघड नसावं, असं मी स्वतःला समजावते.

तरी व्हॉट्सॲपवर बॅच चालवणाऱ्यांना यातलं बरंचसं उचलता येईल. ओळखदेखीला तो ग्रुप फोरमपेक्षाही सरस आहे. अडचण तिसऱ्या पायरीला येते. गुड मॉर्निंगच्या फुलांत उत्तरं हरवतात. त्यासाठी अभ्यासाचा ग्रुप वेगळा काढा, प्रत्येक उत्तर मूळ प्रश्नाला रिप्लाय म्हणूनच यायला हवं हे पहिल्या दिवशी सांगा, रविवारचा गोषवारा पिन करा. पिन करताना २४ तास, ७ दिवस आणि ३० दिवस असे पर्याय येतात. त्यातले ७ दिवस निवडा, म्हणजे पुढच्या रविवारी जुना आपोआप खाली उतरेल आणि नव्याला जागा होईल.