धोपाव्याच्या धक्क्यापर्यंत

दरवर्षी २३ जानेवारीला पहाटे साडेचार वाजता आमच्या पुण्यातील मंडळाच्या कार्यालयासमोर सायकली रांगेने उभ्या राहत आणि खजिनदार काका प्रत्येकाचे पावतीपुस्तक पाहूनच निघण्याची परवानगी देत. मंडळात गणेशोत्सव होता, कोजागिरी होती, तिळगूळ समारंभही होता. पण २००४ साली सुरू झालेल्या या कोकणफेरीची ओढ आम्हाला वर्षभर असे, आणि फेरीतले ते चार दिवस हेच मंडळाचे खरे स्नेहसंमेलन, असे मी आजही मानतो.

फेरी होती ती गुहागर तालुक्यातील एका शाळेच्या मुलींना सायकली मिळाव्यात म्हणून. वाडीपासून माध्यमिक शाळा पाच-सहा किलोमीटरवर, एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी न जुळणारी, त्यामुळे सातवी झाली की कित्येक मुलींचे शिक्षण तिथेच थांबे. आम्ही प्रत्येक जण डिसेंबरपासून ओळखीच्या घरी जाऊन किलोमीटरमागे एक रुपया देण्याचे वचन घेत असू. पैसे मात्र परतल्यावर, प्रत्यक्ष किती अंतर कापले ते सांगूनच घ्यायचे, हा काकांचा नियम होता. सायकल बिघडून कोणी टेम्पोत बसला, तर ते अंतर वजा होई. दाभोळची खाडी फेरीबोटीने ओलांडताना पाय हलत नाहीत, म्हणून ते पाणीही हिशेबात धरायचे नाही, असे पहिल्याच वर्षी ठरले. "लोकांनी आपल्या पायांना पैसे कबूल केलेत, बोटीला नाही," असे काका म्हणत, आणि त्यावर कोणी वाद घातल्याचे मला आठवत नाही.

पहिला दिवस पौड, मुळशी आणि ताम्हिणी घाटाचा. मुळशीच्या जलाशयावर धुके इतके दाट असे की पुढच्या सायकलीचा लाल दिवाच काय तो दिसे. घाट उतरू लागले की थंडी मागे राही आणि माणगावात पोहोचेपर्यंत अंगातले स्वेटर कमरेला बांधलेले असत. शंभरेक किलोमीटरचा हा टप्पा नवख्यांना अवघड वाटे. खरी परीक्षा मात्र दुसऱ्या दिवशी होती. आंबेतच्या पुलावरून सावित्री ओलांडून मंडणगडमार्गे दापोलीकडे जाताना रस्ता सतत चढतो आणि उतरतो. देशावरच्या माणसाला घाट एकदा चढला की संपला असे वाटते. कोकणात मात्र नदी-ओढ्यापर्यंत उतरायचे आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढायचे, हे दिवसभर चालते. जांभ्याची लाल धूळ घामावर बसे, मोहोराचा वास येई, आणि एखाद्या घरासमोर थांबले की काही न विचारता कोकम सरबताचे पेले बाहेर येत.

मुक्काम दापोलीजवळच्या मुरुडला असे. ज्यांच्या पडवीत आम्ही झोपत असू, त्या आजी कुळथाचे पिठले आणि ऊन ऊन भात वाढताना दरवर्षी महर्षी धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट सांगत. मुरुडचा हा मुलगा परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेला आणि चण लहान, म्हणून वय कमी ठरवून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे त्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभे केले, हे आम्ही पाठ्यपुस्तकात वाचले होते. परंतु दिवसभर चढ चढून दमलेल्या पायांनी, त्याच गावच्या पडवीत बसून ते ऐकताना त्या पायी प्रवासाचे मोल वेगळेच कळे. आजींना ती गोष्ट पूर्ण करता यावी म्हणून आम्ही ताटावरून उठत नसू.

तिसऱ्या दिवशी दाभोळ. येथून धोपाव्याला जाणारी फेरीबोट २००३ साली सुरू झाली नसती, तर चिपळूणवरून शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा पडला असता आणि आमची फेरी बहुधा जन्मालाच आली नसती. मोटारींच्या मधल्या जागेत सायकली उभ्या करून आम्ही कठड्याशी जात असू. वाशिष्ठीचे रुंद मुख, पलीकडे हिरवा डोंगर, आणि जवळ येत चाललेला धोपाव्याचा धक्का. पहिल्या वर्षी तेथे फक्त मुख्याध्यापिका बाई आल्या होत्या. दुसऱ्या वर्षी मात्र बोट धक्क्याला लागण्याआधीच घंट्यांचा आवाज ऐकू आला. आदल्या वर्षी सायकली मिळालेल्या मुली गणवेशात, दोन वेण्या घालून, आपापल्या सायकली धरून आम्हाला न्यायला आल्या होत्या. त्यानंतर एकही वर्ष असे गेले नाही की त्या धक्क्यावर नव्हत्या.

त्या संध्याकाळी शाळेचे गॅदरिंग होई, दुसऱ्या दिवशी, २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर नव्या सायकलींना हार घालून त्या मुलींच्या हाती दिल्या जात. ते सोहळे मी विसरलेलो नाही. तरीही डोळ्यांसमोर प्रथम येतो तो धक्क्यापासून वर जाणारा चढ. आमच्या सायकलींना गिअर होते, मुलींच्या सायकलींना नव्हते. चढ उभा झाला की त्या उतरत आणि हँडल धरून चालू लागत. मग काकाही उतरत, त्यांच्या मागोमाग आम्ही सगळे, आणि सड्यावर पोहोचेपर्यंत ती सारी रांग कोणता धडा झाला, कोणाचा पेपर कसा गेला, हे बोलत पायीच चाले.