चांदीच्या पत्र्यावर आईचे चित्र

अमेरिकेत रॉचेस्टरला जुन्या छायाचित्रणाच्या तीन दिवसांच्या कार्यशाळेत मी डागेरोटाइप, म्हणजे चांदीच्या पत्र्यावरच थेट उमटणारे जुन्या पद्धतीचे छायाचित्र, करायला शिकलो आणि माझ्याकडे राहायला आलेल्या आईलाच कॅमेऱ्यापुढे बसवले. त्या तीन दिवसांतला जवळजवळ निम्मा वेळ केवळ पत्रा घासण्यात गेला. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा लखलखेपर्यंत मखमलीवर घासायचा, आणि शेवटचे हात चित्र पाहताना आडवे दिसतील अशाच दिशेने फिरवायचे, नाहीतर त्या बारीक रेषा चेहऱ्यावर चमकतात.

पुढे पत्र्याने प्रकाश टिपावा म्हणून अंधाऱ्या खोलीत त्याला आयोडीनची वाफ दिली, की सोनेरी पिवळा आणि मग गुलाबी रंग चढतो. १८४० नंतरचे व्यावसायिक ब्रोमीनचीही वाफ देत, त्यामुळे कॅमेऱ्यापुढे काही सेकंद बसूनच काम भागे. आम्ही मात्र एरवी चित्र उमटवायला लागणारी पाऱ्याची विषारी वाफ टाळण्यासाठी त्याच वर्षीची फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेल यांची पद्धत वापरली, ज्यात चित्र लाल काचेखाली प्रकाशातच उमटते. पण असा पत्रा प्रकाश फार मंदपणे टिपतो. आईला पंचेचाळीस सेकंद निश्चल बसायचे होते. मानेमागे लोखंडी आधार होता, तरी ती ओठ न हलवता मनातल्या मनात ‘शुभंकरोति’ म्हणत बसली.

दोन तासांनी लाल काचेखाली चेहरा उमटला. चित्र पक्के करणाऱ्या हायपोच्या द्रावणात धुऊन झाल्यावर कोपऱ्यातला थेंब टिपायला गेलो आणि माझे बोट गालावरून फिरले. गाल पुसलाच गेला. चित्र टिकाऊ व्हावे म्हणून सोन्याच्या क्षाराचे द्रावण ओतून खालून आच देण्याची फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो यांची युक्ती कशासाठी होती, हे मला तेव्हा नीट कळले. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा बसली, कुरकुर न करता.

या खेपेला सोन्याचे काम सावकाश केले आणि पत्रा काचेखाली बंद केला. हा पत्रा निळ्या प्रकाशालाच दाद देतो, त्यामुळे लाल कुंकू काळे आले, तर निळी साडी जवळजवळ पांढरी. डावी-उजवी बाजूही उलटलेली. मला ती अनोळखी वाटली, आई मात्र म्हणाली, “आरशात दिसते तश्शीच आले आहे की!”

साताऱ्याच्या भावाला पाठवायला फोनने टिपू लागलो, तर पत्र्यात माझाच पांढरा शर्ट आणि फोन दिसे, आणि आईचा चेहरा उलट्या छटांत. शेवटी तिनेच आपली काळी शाल समोर धरली, तेव्हा कुठे चित्र आले.