कल्ला काढल्यावर उरतं ते

जेलवर बँड दिसला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. टी-सेल रिसेप्टरच्या बीटा साखळीचा बँड, म्हणजे नमुन्यात ते जनुक चालू असल्याची खूण. फिकट होता, पण होता. मी फोटो काढून माझ्या गाइड मॅडमना पाठवला आणि अंधेरीहून गाडी पकडली. विरार लोकलमध्ये बसायला जागाही मिळाली, म्हणजे बघा.

सकाळी मॅडमनी एवढंच विचारलं, "आणि रॅग-1?"

रॅग-1 ची लेन कोरी होती. बीटा-अ‍ॅक्टिन हे सगळ्याच पेशींत चालू असणारं जनुक व्यवस्थित आलं होतं, म्हणजे आरएनए खराब नव्हता. मग?

माझ्या पीएचडीचं दुसरं वर्ष चालू होतं. काम जिताडा माशाच्या टी-पेशींवर, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, आणि पहिली पायरी म्हणजे त्याचा थायमस काढणं. टी-पेशी घडतात थायमसमध्ये. तिथे प्रत्येक पेशी रिसेप्टरच्या, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकाचे तुकडे कापून आपल्यापुरते नव्याने जोडते, म्हणून एकीचा रिसेप्टर दुसरीसारखा नसतो. कापायचं काम रॅग-1 आणि रॅग-2 या प्रथिनांचं. पेशी तयार झाली की रॅग बंद करून बाहेर पडते आणि प्लीहेत, आतड्यात, कल्ल्यांत जाऊन राहते. रिसेप्टर मात्र सोबत असतोच. तेव्हा नुसता रिसेप्टरचा बँड आला, तर नमुन्यात टी-पेशी आहेत इतकंच कळतं. त्या तिथेच घडतायत का, हे रॅग सांगतो.

मॅडम म्हणाल्या, "पोरं दिसली म्हणून ते कॉलेजच असेल असं नाही गं. वडापावची गाडी पण असू शकते."

थोडक्यात, चार महिने मी कल्ल्याचे तुकडे 'थायमस' असं लेबल लावून उणे 80 च्या फ्रीजरमध्ये ठेवत होते.

माझी बाजू सांगते. आम्ही शिकतो ते उंदरावर आणि माणसावर, तिथे थायमस छातीत, हृदयाच्या वर. माशाचा असतो कल्ल्यांच्या पोकळीत, दोन्ही बाजूंना एकेक. रक्तपेशी घडवणारी अस्थिमज्जाही माशाला नाही, ते काम मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग करतो. उंदरासाठी बनवलेल्या अँटिबॉडी माशाच्या पेशींना सहसा चिकटत नाहीत, म्हणून आमची भिस्त आरएनएवर. बरं, एका माशावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचीही सोय नाही. ट्राउटमध्ये बीटा साखळी 1995 मध्ये सापडली, ती आपल्यासारखीच. आणि 2011 मध्ये अटलांटिक कॉडचा जीनोम वाचला, तर त्यात टी-पेशींना जंतूंची ओळख पटवायला लागणाऱ्या एमएचसी-2 आणि सीडी-4 या प्रथिनांची जनुकंच गायब! हे दोन्ही नसताना तो मासा थंड समुद्रात मजेत जगतोय.

"आधी डोळ्याला सवय लाव," मॅडम म्हणाल्या. "बाजारात जा, डोकी उघडून बघ."

जुलै महिना, मासेमारीची बंदी चालू. वेसाव्याच्या बाजारात खाडीतली आणि तळ्यातलीच मासळी होती. एका मावशीच्या टोपलीत जिताडे दिसले. नुसती डोकी मागितली तर म्हणाली, "मुंडकी कशाला? मांजरी पाळल्यात काय?" शेवटी एक मोठा आणि दोन बारके, असे अख्खे मासेच घ्यावे लागले. भाव सांगत नाही, आई हे वाचते.

मी सांगितलं, कल्ले माझ्यासमोर काढा, हळू. हळू तिला जमेना. अंगठा झाकणाखाली घातला, वर-खाली कोयत्याची दोन टोकं लावली आणि कल्ल्यांचा अख्खा लाल झुबका तिच्या हातात. मोठ्या माशाची पोकळी आतून स्वच्छ, गुळगुळीत. मग बारका. झुबका निघाला, आणि मागच्या वरच्या कोपऱ्यात, भिंतीला, पातळ पापुद्र्याखाली दुधाळ रंगाचं काहीतरी राहिलं. तांदळाच्या कणीएवढं. मी दुसरी बाजू बघितली. तिथेही.

"मावशी, हे काय?"

"ते काय नाय. बारक्यांना असतं. धुतलं का जातं."

बारक्यांना असतं! माशांतही थायमस वयाबरोबर आक्रसतो हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण कापायला सोपं म्हणून आजवर घेतले ते मोठेच मासे. (जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मी बहुतेक पोक्त बायांमध्ये बाळपण शोधत होते.) आणि सुरी चालवायचे ती कल्ल्याच्या बुडाशी. भिंतीकडे पाहिलंच नव्हतं.

बर्फातल्या माशाच्या आरएनएवर भरवसा नाही, म्हणून संध्याकाळी लॅबच्या टाकीतली बोटाएवढी चार पिल्लं घेतली. लवंगतेलाच्या पाण्यात ती निपचित झाली, पुढचं काम सूक्ष्मदर्शकाखाली. चिमट्याने आठ कण्या उचलून ट्रायझॉलमध्ये, म्हणजे आरएनए काढायच्या द्रावणात, टाकल्या. हाताला लवंगेचा वास तसाच घेऊन घरी गेले. आईने पिशवी उघडली आणि विचारलं, "डोकी कुठायत? डोक्याशिवाय जिताड्याचं कालवण करू?"

दुसऱ्या दिवशी रॅग-1 चा बँड आला, ठसठशीत. रिसेप्टरचा त्याहून ठळक.

जुन्या चौदा नळ्या मी फेकल्या नाहीत. सामन माशाच्या कल्ल्यांत टी-पेशींनी भरलेली लसिका-ऊती असल्याचं 2008 मध्ये दाखवलं गेलंय, मग जिताड्याच्या कल्ल्यांकडेही बघायला हवंच. लेबलवरचं 'थायमस' खोडलं, 'कल्ला' लिहिलं आणि नळ्या परत फ्रीजरमध्ये ठेवल्या.